खुन्याची मान

ह्यांना फाशीची शिक्षा झाली त्या संध्याकाळी सासूबाईंनी शिरा केला आणि मजल्यावरच्या सगळ्या घरांत वाटला. गोष्ट टीव्हीतली होती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा भलतंच काही समजायचा. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आम्ही मिरा रोडला राहत होतो, मी भाईंदरच्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि माझा नवरा नट होता. हे मी चारचौघांत सहसा म्हणत नसे. 'मालिकांमधून कामं करतात' एवढंच म्हणायचे. त्यावर समोरून प्रश्न यायचाच, 'हो? कोणत्या मालिकेत?'

इथे माझी पंचाईत व्हायची. कारण ह्यांची कामं म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येऊन तोंडावरचा मास्क खाली ओढायचा आणि 'आय ॲम सॉरी' म्हणायचं. नाहीतर दारात उभं राहून 'आपको हमारे साथ थाने चलना होगा' म्हणायचं. लग्नाच्या सीनमध्ये मुलीकडच्या बाजूचा एक काका. वर्षानुवर्षं ह्या माणसाने दुसऱ्यांची माणसं गेल्याच्या बातम्या दिल्या आणि दुसऱ्यांच्या नवऱ्यांना बेड्या घातल्या. शेवटी नावं यायची ती इतकी भराभर पळायची, की सासूबाई काचेला नाक लावून बसल्या तरी मुलाचं नाव त्यांना सहसा सापडायचं नाही. एकदा सापडलं तेव्हा आडनाव चुकलेलं होतं.

मग काशीमीऱ्याला, हायवेच्या पलीकडे गॅरेजांच्या मागच्या एका रिकाम्या गोदामात अंतराळयान उभं राहिलं. हिंदीतली विज्ञानकथेची मालिका होती. यान प्लायवूडचं होतं. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवून त्यांना चंदेरी रंग दिलेला, मध्ये मध्ये मोडके कीबोर्ड ठोकलेले, आणि दिवाळीच्या दिव्यांच्या माळा. गोष्ट काही शे वर्षांनंतरची, पण बाहेरच्या ट्रकवाल्यांना ते कोणी सांगितलेलं नव्हतं. यान मंगळाजवळून जात असताना हॉर्न वाजला की सगळे 'कट' म्हणून कपाळाला हात लावत. एसी लावायची सोय नव्हती. आतल्या माणसांच्या चंदेरी कपड्यांना घामाचे नकाशे यायचे.

त्या मालिकेत एक कैदी होता. यानाच्या कप्तानाचा त्याने खून केलेला असतो. खटला यानातच चालतो, फाशी ठरते, पण कायदा असा की फाशी पृथ्वीच्या मातीवरच द्यायची. म्हणून यान पृथ्वीला पोचेपर्यंत त्याला एका काचेच्या कोठडीत ठेवतात. पुढच्या काळात सगळं बदललं होतं, माणसं भिंतीतून आरपार जात होती, जेवणाऐवजी गोळ्या खात होती, फाशी मात्र दोरीचीच होती. लेखकाचं म्हणणं असं, की दोरी बघितली की प्रेक्षकाला लगेच कळतं. हा खुनी म्हणजे माझा नवरा. काम चार-दोन भागांचंच होतं. खटला, शिक्षा आणि नमस्कार.

ते वाढलं ह्यांच्या मानेमुळे. ह्यांचं गाव रत्नागिरीकडे. तरुणपणी गावच्या नमनाच्या खेळात हे रावण व्हायचे. दहा तोंडांचा लाकडी सांगाडा खांद्यावर बांधून, मृदंगावर नाचायचं. बघणारे टाळ्या वाजवून घरी गेले, मान मात्र ह्यांच्याकडे राहिली. कायमची दुखरी. त्यामुळे ह्यांना एक सवय होती. काही बोलायचं असलं, विशेषतः मनावर ताण असला, की मान जराशी डावीकडे कलती करायची, कानाखाली दोन बोटं दाबून धरायची आणि मग बोलायचं. लग्न झाल्यापासून मी हे पाहत आले. 'वीजबिल भरलंत का?' विचारलं, की आधी मान आणि मग 'राहिलं गं.' उत्तर काय येणार हे मला मानेवरून कळायचं.

पहिल्याच दिवशी शूटिंगमध्ये न्यायाधीश विचारतो, तुला काही सांगायचंय का. ते काचेचं खोकं तापलेलं, अंगात जाड कपडे, हे बिचारे घाबरलेले. नकळत मान कलली, बोटं वर गेली, आणि मग हे म्हणाले, 'नहीं.' डायरेक्टर ओरडला, 'ये क्या किया आपने?' ह्यांना वाटलं, गेलं काम. 'सॉरी सर, पुराना दर्द है, दुबारा नहीं होगा.' डायरेक्टर म्हणाला, 'अरे नहीं, यही रखिए! इस आदमी को रस्सी अभी से चुभ रही है.'

झालं. प्रेक्षकांनी ती मान उचलून धरली. चार भागांचा खुनी आठवड्यामागून आठवडे जगायला लागला. यानातली माणसं काही अडलं की त्याच्या काचेपाशी येऊन बसत, तो मान कलती करून गप्प राही आणि मग एखादंच वाक्य बोले. आता ह्यांना कागदावर वाक्यं मिळत होती. खुर्ची मिळत होती. काशीमीरा नाक्यावर रिक्षावाले ओळखत, 'अंकल, फांसी कब है?' असं हसून विचारत. माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडे जरा जपून बघायला लागली. आणि घरात हे ताठ चालायला लागले. पन्नाशीला टेकलेला माणूस उंच होतो हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी मनातून इतकी सुखावले होते, की दोन-तीनदा बाजारात कोणी न विचारताच सांगून टाकलं, 'नट आहेत.'

पण यान पृथ्वीकडे निघालेलं होतं. तिथे पोचलं की फाशी, आणि फाशी झाली की हे परत ऑपरेशन थिएटरच्या बाहेर. एवढं साधं गणित होतं. प्रत्येक भागाच्या शेवटी नवा कप्तान पृथ्वी किती दूर राहिली ते सांगायचा आणि आमच्या घरात घास अडकायचा. सासूबाई रोज हे घरी आले की विचारायच्या, 'कुठवर आली रे पृथ्वी?' जशी एसटीच येणार होती. हे म्हणायचे, 'लेखकालाच माहीत नाही, आई.' साऱ्या जगात पृथ्वी येऊ नये अशी इच्छा करणारं आमचं एकच घर असेल.

त्या वर्षी शिमग्याला गावी गेलो. आमच्याकडे पालखी घरोघरी येते. अंगणात पालखी बसली की घरच्या माणसाने आपली अडचण गुरवाला सांगायची, गुरव ती देवासमोर गाऱ्हाण्यात घालतो आणि जमलेली माणसं 'व्हय महाराजा' म्हणतात. कोणाचं लग्न, कोणाचं दुखणं, कोणाची भाऊबंदकी. सासूबाई पदर खोचून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, 'माझ्या झिलाला फाशी झालीय, ती टळव म्हणावं, नारळांचं तोरण बांधीन.'

ढोल थांबले. गुरवाने ह्यांच्याकडे पाहिलं. हे नवा शर्ट घालून उभे होते.

'फाशी? कुनाला मारलान यानं?'

'कप्तानाला,' सासूबाई म्हणाल्या.

'टीव्हीत हो!' मी मागून ओरडले. 'काम आहे ते.'

गुरव शहाणा माणूस. त्याला एवढं पुरलं. दोन क्षण विचार करून त्याने खणखणीत आवाजात सुरुवात केली. 'हे गावच्या मालका, हा तुझा लेकरू परमुलखात, आभाळात, काचेच्या खोलीत अडाकलाय. त्यानं खून केलान, पन तो पोटासाठी केलान. त्याची फाशी टळव. हा खुनी जगू दे, तुजी सेवा करील!' आणि सगळं अंगण म्हणालं, 'व्हय महाराजा!' मीही म्हणाले. ह्यांनी डोळे मिटून हात जोडले होते. इतक्या मनापासून ह्यांनी आमच्या लग्नातही हात जोडले नसतील.

मुंबईला आलो आणि आठ-पंधरा दिवसांत प्रॉडक्शनमधून फोन आला. पलीकडचा माणूस खुशीत होता. 'दादा, अच्छी खबर है. खूनी नहीं मरेगा.' ह्यांनी फोन खाली ठेवायच्या आत सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. मी शाळेतून येताना पेढे आणले. मजल्यावर परत वाटप झालं. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंनी विचारलं, 'दीकरो आव्यो?' नातू झाल्यासारखेच आमचे चेहरे होते म्हणा.

दुसऱ्या दिवशी हे सेटवर गेले तेव्हा उरलेली खबर कळली. खुनी मरणार नव्हता. पृथ्वीवर पोचायच्या आदल्या दिवशी यानातली डॉक्टरीण त्याचं मन, आठवणी, सगळं काढून एका नव्या शरीरात घालणार होती. जुनं शरीर रिकामं होऊन पडणार आणि खुनी तरुण होऊन पळून जाणार. चॅनलला तरुण प्रेक्षक हवा होता. नवं शरीर ठरलेलंही होतं, जिममधलं, पंजाबी, हसलं की गालाला खळी पडणारं.

आम्ही देवाकडे खुन्याचं आयुष्य मागितलं होतं. ते देवाने दिलं. ह्यांच्याबद्दल आम्ही काही बोललोच नव्हतो.

शेवटच्या दिवशी मी रजा टाकून डबा घेऊन सेटवर गेले. हे काचेच्या खोक्यात आडवे पडले, निळ्या दिव्याची उघडझाप झाली, आणि ह्यांचे डोळे उघडेच राहिले. गोदामात शांतता होती, नशिबाने हॉर्नही वाजला नाही. शॉट ओके झाला. तिथे एक रीत आहे. नटाने मेल्याचा सीन केला, की लगेच त्याला उठवून कॅमेऱ्यासमोर हसवतात. अपशकुन राहू नये म्हणून. तसं ह्यांना उठवलं. 'दादा, हँसिए!' हे हसले. 'और थोडा!' हे आणखी हसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पोरं पुढचा सेट लावायला धावली. डबा तसाच परत आला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढच्या आठवड्यात परत फोन. नव्या पोराला मान जमत नाही. प्रेक्षकाला हा तोच खुनी आहे हे पटायला हवं, आणि त्यासाठी ती मान तशीच यायला हवी. दादांनी जरा शिकवावं. मी म्हटलं, 'चक्क नाही म्हणून सांगा. लाज कशी वाटत नाही विचारताना!' ह्यांची मान कलली, बोटं कानाखाली गेली, आणि मी समजले.

'खुनी मी उभा केलाय,' हे म्हणाले. 'तो धड उभा राहायला नको का?'

पोरगा आमच्या घरी आला. वाईट नव्हता, हेच वाईट. चपला दाराबाहेर काढल्या, सासूबाईंच्या पाया पडला, ह्यांना 'सर' म्हणाला. माझ्या हातचे पोहे दोनदा मागून घेतले. मग हॉलमधलं टीपॉय भिंतीला सरकवून ह्यांनी त्याला समोर उभं केलं आणि शिकवायला सुरुवात केली. नुसतं शिकवलं नाही, जीव ओतला. 'जल्दी मत करो. पहले दर्द आता है, बाद में हाथ. आँखें बंद नहीं करनी. जिसको रोज दुखता है, वो आँखें बंद नहीं करता.' पोरगा करून बघायचा, हे त्याची बोटं धरून एक सूत खाली सरकवायचे. 'यहाँ. इस नस पे.' स्वतःच्या मानेवर त्याचा हात ठेवून दाखवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. माझ्या नवऱ्याची मान. मी रात्रंदिवस तेल लावलेली मान. ती भर हॉलमध्ये दुसऱ्याला वाटली जात होती, शिऱ्यासारखी.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बघत होत्या. त्यांनी विचारलं, 'याची पण मान दुखते का रे?'

'नाही, आई. शिकतोय तो.'

'दुखणं शिकतोय?'

मला राहवलं नाही. मी त्या पोराला म्हटलं, 'पहले दस मुंडी उठाके नाचो, फिर अपने आप आएगा.' त्याला काही कळलं नाही. ह्यांनी मात्र मला असं सुनावलं, की मी आत गेले आणि भांडी आपटत बसले. 'तू मध्ये पडू नकोस' असं ते मला पहिल्यांदा म्हणाले, तेही एका परक्या माणसासमोर. त्या पोराचा मला राग नव्हता. डायरेक्टरचाही आता नव्हता. राग ह्यांचा होता. आपल्या घरातली एकुलती एक वस्तू असल्या प्रेमाने, वर चहा पाजून, कोण उचलून देतं?

पोराला जमलं. तिसऱ्या दिवशी खिडकीकडे तोंड करून त्याने मान कलती केली, बोटं नेली, थांबला, आणि बोलला. पाठमोरे हेच उभे होते. ह्यांनी टाळी वाजवली. खरोखर आनंदाने वाजवली, ढोंग नव्हतं ते. सासूबाई म्हणाल्या, 'हां, आता दुखतंय त्याचं.'

ह्यांना सांगितलं होतं, खुन्याच्या जुन्या आठवणी दाखवताना तुम्हाला बोलावू. ह्यांनी त्या भरवशावर दाढी तशीच ठेवली. आठवणी दाखवल्यासुद्धा, पण त्यातही तोच पोरगा, नुसते केस पांढरे करून. मालिका जोरात चालली. काशीमीऱ्याच्या बस स्टॉपवर कॉलेजची पोरं एकमेकांना मान कलती करून दाखवायची. एकाला मी विचारलं, 'काय रे हे?' 'अहो मॅडम, स्टाइल आहे ती,' म्हणाला, आणि त्या पंजाबी पोराचं नाव घेतलं.

पुढच्या शिमग्याला नवस फेडायचा विषय निघाला. मी म्हटलं, काय दिलं देवाने, की फेडायचं? सासूबाई ठाम. 'खुनी जगला ना? मग बोललेलं द्यायला हवं.' माझं आणि त्यांचं त्यावरून कडाक्याचं वाजलं. शेवटी ह्यांनीच नारळांचं तोरण आणि देवीची ओटी घेतली. अंगणात पालखी बसली. गुरवाने आठवणीने विचारलं, 'टळली ना रं फाशी?' हे म्हणाले, 'टळली.' गुरवाला कोण आनंद झाला! देवाचं नाव राखलं गेलं होतं. सगळे 'व्हय महाराजा' म्हणाले. ह्या खेपेला मी तोंड उघडलं नाही.

मग वर्ष-दीड वर्ष गेलं. सासूबाई गेल्या. मालिकाही बंद पडली, गोदामात फरशीचं दुकान आलं. हे परत डॉक्टर, इन्स्पेक्टर, काका असं करत होते, पण तेही आता कमी. मग घोडबंदरकडच्या एका स्टुडिओत म्हाताऱ्या जेलरच्या कामासाठी निवड होती. काम बरं होतं, बऱ्याच भागांचं. हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दुपारी परत आले तेव्हा मी मेथी निवडत होते. हे समोर बसले. बराच वेळ एकेक पान उगाच इकडचं तिकडे करत राहिले.

'काय झालं?' मी विचारलं.

'वाक्य म्हणायच्या आधी हात वर गेला,' हे म्हणाले. 'समोर एक मुलगी बसली होती निवड करायला. म्हणाली, सर, प्लीज, उसकी कॉपी मत कीजिए. आजकल सब वही करते हैं. कुछ अपना कीजिए.'

मी जुडी बाजूला टाकली. 'मग? सांगायचं नाही का, हे माझंच आहे म्हणून?'

'सांगितलं.'

'मग?'

'हसली. म्हणाली, सब यही बोलते हैं.'

मी त्या मुलीला, त्या पोराला, डायरेक्टरला, गावच्या देवाला, तोंडाला येईल ते बोलले. हे ऐकत बसले. माझं संपल्यावर म्हणाले, 'तिचं काय चुकलं? तिने पाहिलंय ते त्याचंच.' आणि उठून शर्ट बदलायला गेले.

त्या दिवसापासून ह्यांनी बाहेर मानेला हात लावला नाही. बोलताना हात पाठीमागे बांधून ठेवतात. नव्या ओळखीच्या माणसांना वाटतं, काय अदबीने उभे राहतात. दुखायला लागली की घरी येईपर्यंत दम धरतात. मी दार लावते, तेल कोमट करून आणते. कधीकधी तेव्हाही त्यांचा हात वर जातो आणि मध्येच थांबतो. घरात माझ्याशिवाय कोणीही नसतं.